गालिचा जाळण्याआधी

मनामाच्या सोनेबाजारात, तिसऱ्या गल्लीत,
जेठानंदशेठचा कारखाना बंद होणार होता
म्हणून मला बोलावणं आलं. मी गलाईवाला.
गाव लेंगरे, तालुका खानापूर.
आमच्यात पोरगं आधी मूस धरायला शिकतं,
पाटी मागनं येते.

काम नेहमीचं. ज्याच्यावर बसून
सव्वीस वर्षं कारागिरांनी कानस घासली, तार ओढली,
तो गालिचा कापायचा, पिंपात जाळायचा,
राख दळून चाळायची, टाकणखार टाकून आटवायची.
सोनं कुठं जात नाही.
नखात बसतं, भुवईत बसतं,
हात धुतलेल्या पाण्यात तळाला बसतं,
कुणी विचारलं तर बोलत नाही.
आगीला मात्र सगळं सांगतं.

मी कात्री लावली, तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.
हाजी अब्दुलरसूल, मोती ओवणारे. ऐंशीच्या पुढचे.
तरुणपणी मुंबईत मोती विकताना शिकलेली हिंदी
अजून जपून वापरायचे.
म्हणाले, "ठैर. मोती जल जाता है."

मला काय ते माहीत नव्हतं?
मोत्याचा चुना होतो. आग त्याची साक्ष घेत नाही.

मग शेठ बोलले, माझ्याकडे न बघता.
एकोणीस वर्षं झाली. लग्नाचा हार होता.
एक्कावन्न मोत्यांत एक कमी भरला,
वाटाण्याएवढा, गुलाबी झाक असलेला,
कुणाच्या तरी आज्यानं
नाकाला चिमटा लावून समुद्रातनं वर आणलेला.
चार नंबरच्या पाटावर निमाई बसायचा,
दासपूरचा. केसाएवढ्या तारेची जाळी विणायचा,
फुंकणीनं डाक लावताना
त्याची ज्योत कधी हलली नाही म्हणतात.
त्याचे खिसे उलटे केले. केस विंचरले.
आ करायला लावलं.
तिसऱ्या दिवशी विमानात बसवला.

"निगल गया, ये मैंने बोला था,"
हाजी म्हणाले. आणि पुढं
बराच वेळ काही म्हणाले नाहीत.

त्या रात्री आम्ही एसी बंद केला. धागासुद्धा उडायला नको.
ऑगस्ट. बनियन पिळून काढावं असा उकाडा.
हाजींनी आज्याच्या चाळण्या आणल्या होत्या,
पितळेच्या, एकात एक बसणाऱ्या,
बोराएवढ्या भोकापासून मोहरीएवढ्या भोकापर्यंत.
मी वीतभर गालिचा झटकायचा, ते चाळायचे.
निघालं ते हे: मेणाचे तुकडे, करवतीची मोडकी पाती,
तीन हिऱ्यांच्या कण्या (शेठनं लगेच उचलल्या),
शर्टाचं बटण, कुणाचा तरी दुधाचा दात.
तो इथं कसा आला, कुणालाच सांगता येईना.
चार नंबरच्या जागेवर ते तीनदा थांबले.
बोटांची टोकं लोकरीतून फिरवली,
ओवताना गाठ चाचपतात तशी.
पहाटेची अजान झाली.
मोती नव्हता.

सकाळी पिंप पेटवलं.
त्रेचाळीस ग्रॅम आणि वर दोन आणे. शेठ खूश.
हाजी राखेत वाकले. एक पांढरी चिमूट दाखवून विचारलं,
"ये वही है क्या?"
मी म्हणालो, चाचा, चुना भिंतीचापण असतो, फरशीचापण.
खोटं बोलायला जमलं असतं. जमवलं नाही.
त्यांनी ती चिमूट घेतली,
मोती गुंडाळतात त्या लाल फडक्यात बांधली,
दोन गाठी मारल्या.

खालच्या मजल्यावरच्या बंगाली पोरांनी
चार ठिकाणी फोन फिरवून नंबर काढला.
बाईमाणसाचा आवाज आला. निमाईची सून.
बाबा कामावर बसलेत म्हणाली, हात मोकळे नाहीत.
कोण बोलतंय?

हाजींनी आपलं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं, आज्याचं सांगितलं,
दुकान कुठल्या गल्लीत, कुठल्या मशिदीमागं, तेही.
मग थांबले.
पुढचं एकोणीस वर्षं पाठ केलेलं असणार.
तिकडनं हातोडीचा बारीक आवाज येत होता, टक, टक.

मी राखेवर ओलं फडकं टाकलं
आणि पंखा लावला.